सगळं धरून किती?

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं मालदीवच्या रिसॉर्टचं कोटेशन सावकाश वाचलं. ऑल इन्क्लुझिव्ह, म्हणजे खाणंपिणं सगळं एका दरात, ते घ्यायचं, तीन जेवणांचं घ्यायचं की नुसतं ब्रेकफास्टवालं, आणि मुळात असली सहल आपल्याला मानवेल का, असं तू विचारलंस. एजंट शुक्रवारपर्यंतच दर धरून ठेवणार म्हणतोय. फोनवर हे बोलून होणार नाही, ओवी मध्येच फोन ओढून घेते. म्हणून लिहून पाठवते. अनिकेतरावांनाही वाचायला दे.

परदेशातली हॉटेलं मी पाहिलेली नाहीत, पण एकरकमी दरात माणसं जेवू घालण्याचा व्यवहार मला नीट ठाऊक आहे. विश्रामबागेत इंजिनिअरिंगच्या मुलांची मेस आपण इतकी वर्षं चालवली, आणि ऑल इन्क्लुझिव्ह म्हणजे मुळात तेच. महिन्याचा दर ठरवताना मी कुणा एकाचं पोट बघत नसे. एका पंगतीला नऊ-नऊ पोळ्या खाणारा तालमीतला मुलगा असायचा, तशी दोन पोळ्या आणि वाटीभर ताकावर उठणारी मुलगीही असायची. दर दोघांना सारखाच. तिच्या पैशातून त्याच्या पोळ्या निघत, म्हणून मेस चालत होती.

रिसॉर्टमध्ये पोळ्यांच्या जागी दारू असते. मालदीवला भाजीपाल्यापासून बाटलीपर्यंत जवळजवळ सगळं बाहेरून येतं, दारूवर वर जबर आयात कर. त्यामुळे कॉकटेलचा एक ग्लास पंधरा-वीस डॉलरला पडतो. एक माणूस दिवसाला किती पिईल याचा अंदाज धरूनच ऑल इन्क्लुझिव्हचा दर लावलेला असतो. तुम्ही दोघं घेत नाही, म्हणजे तुम्ही दोन पोळ्यांवर उठणारी. आणि आपल्याकडे निदान खाडा होता. गावी जाणारा मुलगा आदल्या दिवशी वहीत खाडा लिहायचा आणि महिनाअखेरीस तेवढे पैसे वजा व्हायचे. रिसॉर्टला खाडा नसतो. दुपारी बोटीने बाहेर गेलात आणि जेवण चुकलं, तरी त्याचे पैसे गेलेले. आधी सांगितलं तर फार तर डबा बांधून देतील.

एवढ्यावरून नको म्हणायला मी तयार होते. पण मालदीवची गोष्ट वेगळी आहे. तिथे पर्यटन सुरू झालं १९७२ मध्ये, कुरुंबा नावाच्या रिसॉर्टपासून, आणि पुढे धोरणच असं झालं की एका बेटावर एकच रिसॉर्ट. बेटं बाराशेच्या आसपास, पण तू उतरशील त्या बेटावर दुसरं हॉटेल नाही, टपरी नाही, शहाळंवाला नाही. गोव्यात नुसता ब्रेकफास्ट घेऊन दुपारी कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवता येतं. इथे बाहेर म्हणजे समुद्र. म्हणून ब्रेकफास्टवाला पर्याय आजच खोडून टाक. ते स्वस्त दिसणारं कोटेशन दुपार-रात्रीच्या जेवणांनी सगळ्यात महाग होईल. हाफ बोर्डात सकाळ-रात्र मिळते, दुपारी ओवीला भूक लागली की एका सँडविचला तू डॉलर मोजत बसणार. तेव्हा खरी निवड दोनच: फुल बोर्ड, म्हणजे तिन्ही जेवणं, किंवा ऑल इन्क्लुझिव्ह. फुल बोर्डात एक गोष्ट बघून घे. बऱ्याच ठिकाणी जेवणाबरोबरच्या पाण्याच्या बाटलीचेही वेगळे पैसे लावतात.

आता आकडे. कोटेशनमध्ये दरापुढे दोन अधिकची चिन्हं आहेत, त्यांच्याकडे तुझं लक्ष गेलेलं दिसत नाही. त्यांचा अर्थ सेवाशुल्क आणि कर अजून लागायचे आहेत. दहा टक्के सेवाशुल्क, मग त्या सगळ्यावर पर्यटनाचा जीएसटी, जो जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला आहे. म्हणजे शंभर डॉलरचे आधी एकशे दहा, आणि शेवटी १२८ डॉलर ७० सेंट. शिवाय ग्रीन टॅक्स, रिसॉर्टला माणशी रात्रीला १२ डॉलर. दोन वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे, ओवी सहा वर्षांची, तिचाही लागणार. चार रात्री धरल्या तर तिघांचे १४४ डॉलर झाले. एजंटला म्हणावं, हे सगळं धरून एकच आकडा लिहून दे. बेरीज झाल्याशिवाय दोन रिसॉर्टची तुलना करूच नकोस.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मालेच्या विमानतळावरून त्या बेटावर कसं जायचं. तू निवडलेलं बेट लांब आहे, तिथे सी-प्लेनच, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान जातं. त्याचं जायचं-यायचं भाडं माणशी चारशे-पाचशे डॉलर सहज होतं, आणि ऑल इन्क्लुझिव्ह म्हटलं तरी बहुतेक ठिकाणी ते दरात नसतं. शिवाय सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान मालेला साडेचारला उतरतंय. साधारण साडेतीननंतर पोचणाऱ्यांना त्या दिवशीचं सी-प्लेन मिळणं कठीण असतं. मग पहिली रात्र मालेत किंवा शेजारच्या हुलहुमालेत पदरच्या पैशांनी काढायची, आणि रिसॉर्टची तीच रात्र आधीच भरलेली. सामानही वीस किलो आणि हातात पाच, त्यावर ज्यादा. म्हणून मी सांगेन, स्पीडबोटीने जाता येईल असं जवळचं बेट बघ. बोट रात्रीही जाते आणि भाडंही पुष्कळ कमी.

बेट बघताना पोहायच्या तलावाचे फोटो बाजूला ठेव आणि एवढंच विचार, 'हाउस रीफ आहे का?' किनाऱ्यापासून पोहत जाता येईल एवढ्या अंतरावर प्रवाळ असेल तर चष्मा लावून उतरलं की मासे दिसतात, रोज, फुकट. काही बेटांना नुसतं उथळ पांढऱ्या वाळूचं लगून असतं. फोटोत ते जास्त सुंदर दिसतं, पण मासे बघायला दर वेळी बोट करावी लागते, आणि ऑल इन्क्लुझिव्हमध्ये तशी एखादीच फेरी धरलेली असते. अनिकेतराव तारकर्लीला समुद्रातून बाहेर यायला तयार नव्हते, आठवतंय ना? त्यांच्यासाठी चार उपाहारगृहांपेक्षा एक चांगला रीफ मोलाचा.

'सगळं' या शब्दात काय बसतं तेही लेखी घे. या पद्धतीच्या सुट्टीची सुरुवात क्लब मेडने केली, १९५० मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर, तंबूंमध्ये. त्यांच्याकडेही बारमधल्या पेयांचे पैसे वेगळे होते, आणि ते गळ्यातल्या माळेचे मणी काढून देत असत. तेव्हापासून आजवर काहीतरी वगळलेलं असतंच. मसाज, मोटारबोटीचे खेळ, पाण्यावरच्या खास रेस्टॉरंटमधलं जेवण, कधी ताजा रस आणि मशीनची कॉफीसुद्धा. बार किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, खोलीतला फ्रिज रोज भरतात का, मुलाचं जेवण कितव्या वर्षापर्यंत मोफत, खोली सोडल्यावर दुपारी बारापासून बोटीपर्यंतच्या वेळात तुम्ही पाहुणे धरले जाता का, हे सगळं विचार. शाकाहारी रात्री काय मिळेल हेही विचार, कारण तू मासे खात नाहीस आणि रोज पास्त्यावर तुझं भागत नाही हे मला माहीत आहे.

मेमध्ये दर उतरलेला का, हे एजंटने सांगितलं नसेल. आपल्याकडे १ जूनच्या सुमारास केरळात पोचणारा नैऋत्येचा पाऊस मालदीवला त्याआधीच लागतो. मे ते ऑक्टोबर त्यांचा पावसाळा, डिसेंबर ते एप्रिल कोरडा. मेमध्ये रोज दिवसभर कोसळतो असं नाही, पण वारा आणि लाटा असतात, पाणी ढवळलेलं असतं. तुम्हाला ओवीच्या शाळेमुळे मेच मिळतो, तर हे धरून चाला. डिसेंबरात जायचं म्हटलं तर नाताळ आणि ३१ तारखेच्या मेजवानीचे सक्तीचे पैसे लावतात, ऑल इन्क्लुझिव्हवालेही त्यातून बहुधा सुटत नाहीत.

हे झालं पैशांचं. मानवेल का, हे मात्र माणसागणिक आहे, आणि तुमच्या घरात त्याची दोन उत्तरं आहेत.

अनिकेतराव गावात गेले की आधी बाजारात जातात, रिक्षावाल्याशी गप्पा मारतात, नकाशा न बघता चालत सुटतात. रिसॉर्टचं बेट वीस मिनिटांत चालून संपतं. तिथे वाढणारा माणूस श्रीलंकेचा, बांगलादेशचा, आपल्या केरळचाही असेल. मालदीवची माणसं कशी राहतात हे तिथे दिसत नाही. तिसऱ्या दिवशी ते अस्वस्थ होणार, आणि ते अस्वस्थ झाले की तूही होतेस. त्यांच्यासाठी आधी दोन रात्री माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर काढा. मालेहून स्पीडबोटीने तासाच्या आत पोचता येतं, गेस्ट हाउस आहेत, आणि तिथला ग्रीन टॅक्सही लहान गेस्ट हाउसना निम्मा. सकाळी टूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची आणि लिंबू हाताने कालवून केलेला मास हुनी आणि बरोबर रोशी, जी आपल्या पोळीच्या जवळची. ते त्यांना फार आवडेल. वस्तीच्या बेटावर दारू मिळत नाही, तुमचं त्यात काही अडत नाही. नेमून दिलेला किनारा सोडून इतरत्र अंगभर कपडे घालायचे. आणि तुझ्या पर्समधली गणपतीची मूर्ती घरी ठेव. पूजेच्या मूर्ती तिथे नेता येत नाहीत, कस्टमवाले काढून घेतील.

तुझं उत्तर वेगळं आहे. दिवाळीत तुझ्याकडे होते तेव्हा बघत होते. कानात हेडफोन, समोर मीटिंग चालू, आणि कॅमेऱ्याच्या खाली हात ओवीच्या डब्यातली पोळी गुंडाळतोय. मीटिंग संपली तशी पहिलं वाक्य काय, तर 'रात्री काय करायचं?' सई, मेसच्या सगळ्या वर्षांत सकाळी डोळे उघडायच्या आधी माझ्या डोक्यात भाजीचं नाव असायचं. रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री सुट्टी, पण त्या सुट्टीतही सोमवारची कडधान्यं भिजत घालायची असत. तो ताण स्वयंपाकाचा नसतो, ठरवण्याचा असतो. तो चार दिवस तुझ्या डोक्यावरून उतरावा असं मला फार वाटतं.

म्हणून हिशेब उघड मांडते. तुझ्या कोटेशनमध्ये फुल बोर्ड आणि ऑल इन्क्लुझिव्ह यांत मोठ्या माणसामागे रात्रीला ७० डॉलरचा फरक आहे, दोघांचे १४०. पाणी, कॉफी, सरबतं, ओवीचं आइसक्रीम धरून तुम्ही त्यातले जेमतेम अर्धे वसूल कराल. चार रात्रींत पावणेतीनशे-तीनशे डॉलर जास्त जातील. तरी मी ऑल इन्क्लुझिव्हच घे म्हणेन, कारण मी तुला ओळखते. फुल बोर्ड घेतलंस तर तू मेनूकार्ड उजवीकडून वाचशील. ओवीने दुसरा रस मागितला की नको म्हणशील, रात्री बिलं लावत बसशील, आणि घरी होतं तेच तिथेही होईल. दुसरी कुणी बेफिकीर मुलगी असती तर तिला फुल बोर्ड सांगितलं असतं. फक्त सहा रात्रींच्या चार कर, उरलेल्या दोन माफुशीला दे. तुझा बहुतेक सगळा जादा खर्च तिथेच भरून निघेल.

तू मला बरोबर चल म्हणतेस, त्याचा आनंद झाला. पण माझी संकष्टी, माझं रात्रीचं एक भाकरी आणि दूध, आणि दर मात्र पूर्ण माणसाचा. तेवढे पैसे माझ्यावर तिथे घालवू नकोस. ओवीला सांभाळायला म्हणून बोलावत असशील तर रिसॉर्टमध्ये मुलांचा क्लब असतो, त्याची वयोमर्यादा विचार. मला थंडीत मालवणला ने. मी तुमच्याबरोबर किनाऱ्यावर हवी तेवढी बसेन.

एजंटला शुक्रवारची घाई करू देऊ नकोस. मेमधला दर त्यांना पुन्हा द्यावाच लागतो, गिऱ्हाईक कमी असतं. सगळं धरून आकडा, काय-काय बसतं त्याची यादी आणि रद्द केल्यास किती परत, हे व्हाउचरवर आल्याशिवाय पैसे भरू नकोस. टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या पैशांवर आधीच घेतला जाणारा कर, कापतील त्याची पावती जपून ठेव, रिटर्न भरताना ते पैसे हिशेबात धरले जातात. व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो आणि फुकट असतो, पण निघण्याआधीच्या ९६ तासांत मालदीव सरकारच्या इमुगा या साइटवरचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. तोही फुकटच, कुणी पैसे मागितले तर ती दुसरीच साइट समज.

आणि ओवीचा पासपोर्ट आज काढून बघ. लहान मुलांचा पाच वर्षांचाच असतो, तिचा ती तान्ही असताना काढलेला आहे. संपला असेल तर आधी त्याची अपॉइंटमेंट घे, मग बुकिंग कर.

अनिकेतरावांना नमस्कार, ओवीला गोड पापा.

तुझी,
आई