कुत्र्यासाठी चायनीज कॅप्सूल मागवताय? तिच्यात बचनागाच्या कुळातलं मूळ आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गेली अठरा वर्षं कॅलिफोर्नियात राहते, पण सकाळी चहाबरोबर तुमचा पेपर मोबाइलवर वाचल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. पत्र पहिल्यांदाच लिहितेय. कारण असं की, मागच्या महिन्यात मी पुण्याला यायला निघणार त्याच्या आदल्या रात्री मावसबहिणीचा मेसेज आला, "ताई, तुझ्या लाडूला दिली होतीस ना ती रक्त थांबवायची चायनीज कॅप्सूल, तिचे दोन बॉक्स बॅगेत टाकून आण, आमच्या ब्रूनोच्या नाकातून रक्त येतंय, हर्बलच आहे ना, म्हणजे साइड इफेक्टचं काही टेन्शन नाही." हे शेवटचं वाक्य मीसुद्धा एकेकाळी असंच बोलले होते, म्हणून राहवलं नाही.

लाडू आमचा गोल्डन रिट्रिव्हर, नऊ वर्षांचा. एका संध्याकाळी फिरून आला आणि दारातच बसला तो उठेना, ओठ वर करून बघितलं तर हिरड्या चुना फासल्यासारख्या पांढऱ्या. इमर्जन्सीत नेलं, पाणथरीवर गाठ होती, ती फुटून पोटात रक्त साठलं होतं. हेमँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा कॅन्सर, गोल्डन आणि जर्मन शेफर्डमध्ये बराच दिसतो. पाणथरी काढली. नुसत्या ऑपरेशनवर असे कुत्रे साधारण एक ते तीन महिने काढतात, किमो दिली तर थोडे जास्त, हे डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. ऑपरेशननंतर ज्या डॉक्टरांकडे पाठवलं त्या रीतसर व्हेट, शिवाय चायनीज मेडिसिन शिकलेल्या, त्यांनी युन्नान बायाओ नावाची कॅप्सूल लिहून दिली.

या औषधाचं नाव म्हणजे 'युन्नानचं पांढरं औषध'. चीनच्या युन्नान प्रांतातल्या छू ह्वानचांग या वैद्याने १९०२ साली ते बनवलं, जखमेचं रक्त थांबवायला. पुढे त्याचा फॉर्म्युला सरकारी गुपित ठरला, त्यामुळे चीनमधल्या पाकिटावर पूर्ण घटक कधी छापलेच जात नव्हते. सानची नावाची जिनसेंगच्या जातीतली मुळी त्यात आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण २०१३ मध्ये हाँगकाँगच्या आरोग्य खात्याला तपासणीत त्यात अ‍ॅकोनाइटचे अंश सापडले, माल दुकानांतून परत मागवला गेला, आणि मग कंपनीनेही मान्य केलं की हो, ते मूळ त्यात आहे, प्रक्रियेत त्याचा विषारीपणा काढून टाकतो. अ‍ॅकोनाइट म्हणजे आपल्या बचनागाच्याच कुळातली वनस्पती. आपल्याकडे वैद्य बचनागाचं शोधन केल्याशिवाय, म्हणजे विष उतरवल्याशिवाय, त्याला हात लावत नाहीत, आजी तर त्याचं नाव काढलं तरी पोरांना लांब करायची. आणि तेच आपण 'हर्बल आहे' म्हणून चिकनच्या तुकड्यात लपवून कुत्र्याला देतो.

माझी चूक सांगते. सोळा कॅप्सूलच्या पाकिटात मधोमध एक बारीक लाल गोळी असते. ती फक्त मोठ्या रक्तस्रावासाठी असते, कधी द्यायची ते डॉक्टरांना विचारायचं, असं मला सांगितलेलं होतं. एका रात्री लाडू पुन्हा मलूल झाला, हिरड्या फिक्या वाटल्या, फोन लागेना, मी घाबरून ती गोळी दिली आणि अर्ध्या तासाने परत दुसऱ्या पाकिटातली दिली. त्यानंतर तोंडातून लाळेची तार सुटली, दोनदा उलटी झाली, पुढचे दोन पाय थरथरायला लागले, मी फरशीवर बसून त्याच्या छातीवर हात ठेवला होता आणि ठोके एकसारखे लागत नव्हते. गोळ्यांमुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, त्याला आजारच तसा होता. पण इमर्जन्सीतल्या डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला तो "घरचं काही दिलंय का", आणि मी आधी "नाही" म्हणाले. औषध नाही, हर्बल आहे, असं डोक्यात होतं. पाच मिनिटांनी नवऱ्याने पाकीट खिशातून काढून टेबलावर ठेवलं तेव्हा डॉक्टरने लगेच ईसीजी लावला.

लाडू त्या रात्री वाचला, पुढे अकरा आठवडे राहिला. कॅप्सूलचा उपयोग झाला का, तर फ्लोरिडात २०१४ ला झालेल्या लॅबमधल्या प्रयोगात या औषधाने कुत्र्यांच्या याच कॅन्सरच्या पेशी मेल्या होत्या, पण काचेच्या डिशमध्ये. हृदयातल्या गाठीमुळे ज्यांच्या हृदयाभोवती रक्त साठतं अशा कुत्र्यांवरचा अभ्यास २०१७ ला आला, त्यात औषध दिलेले कुत्रे जास्त जगले असं दिसलं नाही. निरोगी बीगल कुत्र्यांना देऊन रक्त गोठण्याच्या टेस्ट केल्या त्यातही फरक नव्हता. मी चायनीज औषधांच्या विरोधात अजिबात नाही. ब्रिटनमध्ये खाज येणाऱ्या कुत्र्यांवर तीन चिनी वनस्पतींचं मिश्रण नीट डोस ठरवून, सोबत नकली औषधाचा गट ठेवून तपासलंय, असं काम व्हायलाच हवं. आणि ज्यांनी हे शिकून घेतलंय ते व्हेट आधी रिपोर्ट मागतात, चालू औषधांची यादी मागतात, ज्येष्ठमध असलेलं काही द्यायचं तर स्टेरॉइड किंवा लघवीची गोळी चालू आहे का हे विचारतात, कारण पोटॅशियम उतरतं. मांजरांचं तर आणखी वेगळं, त्यांच्या लिव्हरला बऱ्याच गोष्टी पचवून बाहेर टाकता येत नाहीत, आपली साधी पॅरासिटामॉलसुद्धा मांजराचा जीव घेते.

आणि ब्रूनोबद्दल मला जास्त भीती वाटली ती वेगळीच. आपल्याकडे कुत्र्याच्या नाकातून रक्त आलं तर पहिला संशय गोचीडतापाचा, प्लेटलेट पडतात म्हणून रक्त येतं. त्याला साधी रक्ततपासणी लागते. ते सोडून माझ्या बॅगेची वाट बघत आणि मग कॅप्सूल देत दिवस घालवले असते तर?

तुमच्या रविवार पुरवणीत पाळीव प्राण्यांवर पान असतं, त्यात घरगुती उपाय बरेच येतात. त्या प्रत्येकाखाली एक ओळ छापाल का, की आणखी काय काय देताय ते पाकिटासकट डॉक्टरांना दाखवा?

बहिणीला मी त्याच रात्री फोन केला, ती दुसऱ्या दिवशी ब्रूनोला घेऊन गेली. प्लेटलेट खूप खाली, गोचीडतापच निघाला, डॉक्सीसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स सुरू आहे. मी पोचले तेव्हा तो जिन्यात भुंकत होता. कॅप्सूल मी नेल्या नाहीत.

आपली एक वाचक,
सॅन होजे, कॅलिफोर्निया