होलेपचा वर्ग खरोखर तपासणाऱ्या सरांस

आदरणीय सर,
स. न. वि. वि.

होलेप म्हणजे प्रोस्टेटची वाढलेली गाठ होल्मियम लेसरने आतून सोलून काढण्याची शस्त्रक्रिया. तिच्या कार्यशाळा पुष्कळ होतात. संध्याकाळी ‘कशी वाटली?’ असा फॉर्म येतो, ‘उत्तम’ लिहून सगळे गाडी गाठतात. जळगावच्या वर्गासाठी तुम्ही करून दिलेला तपासणीचा तक्ता त्या जातीचा नाही, म्हणून हे पत्र.

सरावाच्या मॉडेलला रक्त येत नाही, त्यामुळे तिथला वेग फसवा असतो. तुम्ही गुण ठेवलेत ते नेमके जिथे गडबड होते तिथे. घड्याळातल्या पाच आणि सातच्या जागी खाच घेताना कॅप्सूलचे, म्हणजे गाठीबाहेरच्या आवरणाचे, आडवे तंतू ओळखले का? पातळी वर राहिली तर गाठ मागे उरते, खाली गेली तर कॅप्सूलला भोक. व्हेरूमोंटॅनमच्या (मूत्रमार्गातला खुणेचा छोटा उंचवटा) पुढे स्कोपने ढकलाढकल केली की स्फिंक्टर, म्हणजे लघवी रोखणारा स्नायू, ताणला जातो आणि पुढे लघवी गळते, म्हणून त्याला वेगळा रकाना. 2 ज्यूल, 40 हर्ट्‌झ, म्हणजे 80 वॅट हे लेसरचं सेटिंग सगळ्यांना पाठ असतं. रक्त थांबवायला ऊर्जा उतरवून लेसरचा फायबर जरा मागे घेतो का, ते बघणारे तुम्हीच.

मॉर्सिलेटरला, म्हणजे सोललेली गाठ मूत्राशयात बारीक करून ओढून घेणाऱ्या यंत्राला, तर तुम्ही सवलतच ठेवली नाही. पेडलवर पाय ठेवण्याआधी ‘रक्त थांबलंय, मूत्राशय भरलंय, पाणी चालू आहे’ हे मोठ्याने म्हटलं नाही, तर त्या टेबलाचे गुण शून्य. कडक वाटतं खरं. पण मूत्राशय रिकामं पडलं की भिंत पात्यात ओढली जायला क्षण पुरतो.

वर्गानंतर तीन महिन्यांनी आमच्या शस्त्रक्रियांचा भरायचा तक्ता आम्हाला जास्त आवडला. मिनिटाला किती ग्रॅम निघालं याच्या शेजारी गाठीचा आकार लिहायचाच. मोठ्या गाठीत हा आकडा आपोआप चांगला दिसतो. आणि आमच्याकडे कापसाची वेचणी उरकून, कॅथेटरची पिशवी हातात घेऊन, मोठी गाठ घेऊन उशिरा येणारे पेशंट कमी नाहीत. अर्धवट सोडून जुन्या टीयूआरपीवर (मूत्रमार्गातून गाठ तुकड्या-तुकड्यांनी कापायची पद्धत) यावं लागलं का, कॅथेटर किती दिवस राहिला, हेही त्यात आहेच. आणि लघवी गळते का हे कळायला असलेला ‘पॅड किती लागतात?’ हा प्रश्न तुम्ही खोडलात, ते फार बरं केलंत. पॅड वापरतंय कोण इथे? आता विचारतो, ‘धोतर दिवसातून किती वेळा बदलता?’ लगेच उत्तर मिळतं.

पुढच्या वर्गाला मॉर्सिलेटरच्या टेबलाशी तुम्हीच उभे राहा, ही विनंती. थंडीत आलात तर भरीत आणि कळण्याची भाकरी आमच्याकडे.

आपले,
जळगाव-धुळे-नंदुरबारकडचे युरोलॉजिस्ट