तुम्ही बसवा, काका

भाऊ, नमस्कार.

तुमचं नाव आणि दुकानाची पाटी इथे लिहीत नाही. परवा विचारलं तर तुम्ही हात जोडलेत, "नको काका, उगाच गर्दी होते" म्हणालात. तेव्हा नाशिकच्या शरणपूर रोडकडच्या बोळातले कॉम्प्युटरवाले भाऊ, एवढंच. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

मी सिडकोत राहतो. अंबडला टूलरूममध्ये फिटर आहे, २९ वर्षं झाली. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

मार्चमध्ये मुलीसाठी कॉम्प्युटर घेतला. निम्मे पैसे तिचे, शिकवण्या घेऊन साठवलेले. नातेवाइकांना "इंजिनिअरिंगच्या अभ्यासासाठी" असं सांगितलं होतं. खरं म्हणजे ती गेम खेळते आणि चांगली खेळते, हे आता इथेच कबूल करून टाकतो. काचेच्या मोठ्या दुकानात गेलो. एसी, भिंतभर रंगीत दिवे, गळ्यात पट्टा अडकवलेली पोरं. त्यांनी आय-सेव्हन १२७००के नावाचा प्रोसेसर दाखवला. "टॉप आहे काका, डोळे झाकून घ्या." डोळे झाकूनच घेतला. मदरबोर्डचं विचारलं तर म्हणाले, "बोर्ड कुठलाही चालतो, तो नुसता जोडायला असतो." आमच्याकडे मशिनचा बेड कुठलाही चालतो असं कोणी म्हणालं तर त्याला गेटच्या बाहेर काढतील. पण तिथे मी गप्प बसलो. आपल्याला काय कळतं, असं वाटलं.

घरी आल्यावर पंधरा मिनिटं गेम लोण्यासारखा चालायचा, मग अडखळायला लागायचा. मुलीचा गट हरायचा आणि घरात आरडाओरडा. पहिल्यांदा दुकानात गेलो तर म्हणाले, घरचा व्होल्टेज कमी-जास्त असेल. मी यूपीएस घेतला. दुसऱ्यांदा म्हणाले, गेमच हेवी आहे. तिसऱ्यांदा काउंटरवरच्या पोराने मोबाइलमधून डोकं वर न काढता सांगितलं, "काका, तुम्हाला नाही कळणार. पोरीला पाठवा." पोरीला पाठवलं. तिला काय म्हणावं? "मॅडम, घरी भाऊ वगैरे असेल तर त्याला पाठवा."

तिला भाऊ नाही.

भाचा म्हणाला, मामा, पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघू, मुंबईत लॅमिंग्टन रोडला नवीन घेऊ, संध्याकाळच्या पंचवटीने परत. दुसऱ्या एका दुकानदाराने सगळंच बदला म्हणून सांगितलं. एएमडी कंपनीचा एएम५ सॉकेटवाला बोर्ड घ्या, पुढे बरीच वर्षं त्याच सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसरच्या बैठकीवर, नवे प्रोसेसर बसतील. तो खोटं बोलत नव्हता. पण एएम५ला फक्त डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम चालते, आमची जुनी डीडीआर४. म्हणजे प्रोसेसर, बोर्ड, रॅम, तिन्ही नवीन. चार महिन्यांपूर्वी घेतलेल्याचं काय करायचं, लोणचं घालायचं?

मग तुमच्याकडे आलो. अॅक्टिव्हावर, पायांमध्ये कॅबिनेट धरून, मागे मुलगी.

तुम्ही आधी कॉम्प्युटर चालू केलाच नाहीत. स्टूल पुढे केलंत आणि मुलीला विचारलंत, कुठला गेम, किती वेळाने अडखळतो, कॅबिनेट टेबलावर ठेवतेस की खाली. मग बाजूचं झाकण काढून मला जवळ बोलावलंत. प्रोसेसरशेजारच्या काळ्या चिपांवर बोट ठेवलंत. "काका, ह्या उघड्या आहेत. यांच्यावर हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा, नाही." मी म्हटलं, त्याने काय होतं? तुम्ही म्हणालात, "एसएमपीएसमधून, म्हणजे वीज देणाऱ्या या डब्यातून, १२ व्होल्ट येतात. प्रोसेसरला लागतात सव्वा व्होल्टच्या आसपास. ते उतरवायचं काम ह्यांचं. आणि हा गडी जोरात पळाला की १९० वॉटपर्यंत ओढतो. भागाकार करा."

मी केला. दीडशे अँपिअर!

भाऊ, दीडशे अँपिअरला आमच्याकडे ८ नंबरचा वेल्डिंग रॉड जळतो. तेवढा करंट त्या नखाएवढ्या तुकड्यांतून, नाशिकच्या उन्हाळ्यात, बंद डब्यात. त्या तापल्या की बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरला मागे खेचतो, हे मग तुम्हाला सांगावंच लागलं नाही. चार महिने जे कोडं होतं ते एका भागाकारात सुटलं. आणि तो भागाकार तुम्ही माझ्याकडून करून घेतलात.

नंतर तुम्ही एक कडू गोष्टही सांगितलीत. नावातला तो 'के' म्हणजे ओव्हरक्लॉक करता येतो, नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवता येतो, पण त्यासाठी झेड मालिकेचा बोर्ड लागतो. आमचा बोर्ड एच६१०, स्वस्तातला. त्यावर ती सोयच नाही. म्हणजे कुलूप नसताना आम्ही किल्लीचे पैसे भरले होते. हिच्या गेमांना साधा १२४०० प्रोसेसर पुरला असता, उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालायला हवे होते, असंही म्हणालात. माझा चेहरा बघून लगेच सावरलंत, "पण प्रोसेसर चांगलाय. ठेवा. फक्त बोर्ड बदलू."

मी म्हटलं, मग झेडच टाका, एकदाचं होऊन जाऊ दे. तुम्ही मुलीकडे वळून विचारलंत, "ताई, तू ओव्हरक्लॉक करणार आहेस का?" ती नाही म्हणाली. "मग मधला, बी७६० बोर्ड पुरे." गिऱ्हाईक महागाचं मागतंय आणि दुकानदार स्वस्तातलं देतोय, असं मी गेल्या काही वर्षांत पाहिलेलं नाही. बॉक्स काढण्याआधी आमची रॅम काढून बघितलीत, डीडीआर४ आहे ना. बी७६०चे बोर्ड दोन्ही तऱ्हेचे येतात आणि एकाची रॅम दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. हातात घेतलेला एक बॉक्स परत फळीवर ठेवलात.

इथपर्यंत चांगला दुकानदार कोणीही म्हणेल. मी लिहायला बसलो ते पुढच्या दोन मिनिटांसाठी.

नवा बोर्ड टेबलावर ठेवून तुम्ही सॉकेटची पट्टी उचललीत, मोबाइलचा टॉर्च मारलात आणि म्हणालात, वाकून बघा. १७०० स्प्रिंगा. केसासारख्या, एका दिशेला झुकलेल्या, शेतात वाऱ्याने गहू झुकावा तशा. यातली एक वाकली तर बोर्डाची वॉरंटी गेली, हेही सांगितलंत. मग जुन्या बोर्डातून प्रोसेसर काढून, त्याच्यावरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसून, कडांनी धरून तो माझ्यापुढे धरलात.

"तुम्ही बसवा, काका."

तुमच्याकडचा पोरगा हसला. मीही नको म्हटलं. तुम्ही त्याला म्हणालात, "ते फिटर आहेत. त्यांचा हात आपल्यापेक्षा स्थिर आहे." मी फिटर आहे हे मी बोलण्याच्या ओघात अर्ध्या तासापूर्वी एकदाच सांगितलं होतं.

मी हात पुसले. कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवला, बाजूच्या खाचा बघितल्या आणि सोडला. दाबायचं नाही, त्याच्या वजनाने तो जागेवर जातो. गेला. चांगलं फिटिंग बोटांना आधी कळतं, डोळ्यांना नंतर. मग दांडा खाली घेताना कर्रकन आवाज आला आणि माझ्या काळजात धस्स झालं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "हा आवाज येतोच. थांबू नका." नाही थांबलो.

१९९६ साली कारखान्यात लागलो तेव्हा आमच्या उस्तादांनी सहा महिने मला नुसता भुसा झाडायला ठेवलं होतं. एक दिवस त्यांनी जवळजवळ तयार झालेली डाय, म्हणजे साचा, शिकंज्यात धरली, कानस माझ्या हातात दिली आणि स्वतः चहाला निघून गेले. शेवटचा हात माझा. ती डाय बिघडली असती तर मेमो त्यांना मिळाला असता. तुमच्या टेबलाशी मला ते आठवलं. मुलगी शेजारी उभी राहून फोटो काढत होती, तिला वाटलं पेस्टच्या वासाने बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

काही माणसं समोरच्याला कळणार आहे असं धरूनच बोलतात. आमच्या आईच्या मोतीबिंदूच्या वेळी डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे फिरवून तिचाच डोळा तिला दाखवला होता, चौथी शिकलेल्या बाईला. त्र्यंबकच्या गाडीवर एक कंडक्टर होते, म्हाताऱ्यांना सुट्टे पैसे एकेक नाणं मोजून हातावर ठेवायचे, मागे कितीही ओरडा होवो. यांना कोणी पगार जास्त देत नाही. आणि त्या काचेच्या दुकानातला पोरगाही मला "काका"च म्हणत होता, तुम्हीही "काका"च म्हणालात. शब्द तोच. तिथे तो दाराबाहेर ढकलायला वापरला होता.

पुढचं सांगण्यासारखं नाही. रॅमच्या दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, कूलर, केबल, ते तुमचं तुम्ही केलंत. मजुरीचे ५०० घेतलेत आणि बिल दिलंत, हे बरं केलंत. फुकट केलं असतं तर मला आवडलं नसतं. त्या रात्री मुलगी सलग अडीच तास खेळली. मी खुर्चीत बसून अडखळण्याची वाट बघत होतो, तिथेच झोप लागली.

एक काम आहे. तुम्ही म्हणाला होतात की तो एच६१० भंगारात देऊ नका, बोर्ड वाईट नाही, जोडी चुकली होती. तर दिंडोरीला माझ्या मेहुण्याचं खतांचं दुकान आहे, त्याला बिलिंगसाठी हवा आहे. त्यावर बसवायला एक १२१०० प्रोसेसर काढून ठेवा. एफवाला नको, त्याला ग्राफिक्स कार्ड घ्यायचं नाही, डिस्प्ले बोर्डावरूनच हवा, बघा, एवढं आता मलाही कळतं. पुढच्या आठवड्यात पहिली पाळी आहे, चारपर्यंत पोचतो. मी येईपर्यंत डबा उघडू नका.

तुमचा,
सिडकोतला फिटर