मनगट फिरत नाही हो

मा. संपादक,
नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत सांध्यांच्या व्यायामावर लेख आलाय, चांगलाय, पण त्यात "मनगट फिरवून तळहात वर आणा" असं चक्क दोनदा छापलंय. मनगट वर-खाली वाकतं, डावी-उजवीकडे झुकतं, पण तळहात पालथा-उताणा करायचं काम त्याचं नाहीच. पटत नसेल तर एका हाताने दुसऱ्या हाताचा मनगटाच्या वरचा भाग घट्ट आवळून धरा आणि मग तळहात उलटा करून बघा, फारसं जमत नाही.

फिरतं ते कोपराखालचं हाड. तिथे हाडं दोन, करंगळीच्या बाजूला अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूला रेडियस. रेडियसचं वरचं टोक गोल चकतीसारखं असतं आणि लिगामेंटची (हाडाला हाड बांधणारी चिवट पट्टी) एक कडी त्याला अल्नाला धरून ठेवते, त्या कडीत ते जागच्या जागी फिरतं. खालचं टोक मात्र अल्नाला वळसा घालून पलीकडे जातं आणि पंजा रेडियसलाच जोडलेला म्हणून तोही सोबत उलटतो. तळहात उताणा असताना दोन्ही हाडं शेजारी-शेजारी, पालथा केला की कात्रीसारखी एकमेकांवर! मला तर हे अजूनही भारी वाटतं. कोपर वाकवून उजव्या हाताने स्क्रू पिळा आणि डाव्याने दंड चाचपा, बायसेप्स टणक झालेला लागेल, कारण तो फक्त हात वाकवत नाही, रेडियस फिरवतोसुद्धा.

लहान मुलांमध्ये ही कडी सैलसर असते, म्हणून एका हाताला धरून हिसका दिला की रेडियसचं डोकं तिच्यातून निसटतं. आमच्या नातवाचं झालं होतं, चूक माझीच, खेळता खेळता उचललं. डॉक्टरांनी हात जरासा फिरवून क्षणात बसवलं, पण तोवर पोराने हात हलवला नव्हता. लेखात याबद्दल एक ओळ हवी होती.

मानेचंही तसंच. "मान जोरात फिरवून मोकळी करा" हे सरसकट सांगू नका प्लीज. मानेच्या 7 मणक्यांपैकी पहिला नुसतं कडं असतो, दुसऱ्यावर एक खुंटी असते, जात्याच्या मधल्या खिळीभोवती वरचा दगड फिरावा तसं ते कडं डोक्यासकट तिच्याभोवती फिरतं. मानेचं साधारण निम्मं फिरणं या एका जागी होतं (आपण "नाही" म्हणतो ते इथून, "हो" मुख्यतः त्याच्या वरच्या सांध्यातून). खुंटीच्या लगेच मागे मज्जारज्जू, मध्ये काय ते एक लिगामेंट, आणि रुमेटॉइड संधिवातात तेच सैल पडू शकतं. अशा माणसाने तुमचा लेख वाचून मानेला झटका दिला तर?

आणि हो, लेखासोबतच्या चित्रात कोपराखाली एकच हाड काढलंय. दुरुस्ती छापाल तेव्हा दुसरंही काढा.

आपला,
एक नियमित वाचक