विहीर पुन्हा पिण्याजोगी करून देणाऱ्यांचे आभार

१६ डिसेंबर २०२१ ला ओडेट वादळ फिलिपिन्समधल्या सियारगाव बेटावर धडकलं. छपरं उडाली, वीज गेली आणि किनाऱ्याजवळच्या आमच्या वस्तीच्या विहिरीत समुद्राचं पाणी शिरलं. सुरिगावकडून बोटीने आलेल्या मंडळींनी नावंही सांगितली नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

पंप मोठा होता, तरी त्यांनी घाई केली नाही. बेटावर गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो; विहीर एकदम उपसली की खालचं खारं पाणी वर चढतं. म्हणून थोडं उपसायचं, थांबायचं, झरे भरू द्यायचे, पुन्हा उपसायचं. मग गाळ काढला, आतल्या भिंती घासल्या, क्लोरीन टाकलं. क्लोरीनने जंतू मरतात, खारटपणा जात नाही, हे घरोघरी समजावलं.

पिण्यासाठी माप सोपं: २० लिटरच्या कॅनला ५ टक्क्यांचं साधं ब्लीच २ मिलिलिटर, आणि अर्धा तास झाकण. गढूळ पाणी आधी फडक्याने गाळायचं. सिरिंजवर २ च्या खुणेला लाल नेलपॉलिशची रेघ ओढून त्यांनी घरटी एकेक दिली. चष्मा वादळात गमावलेल्या आजीबाईंनाही ती रेघ दिसते. त्या रेघेसाठी तर विशेष आभार!