सौरडागांच्या रोजच्या आकड्याला एक ओळ मिळावी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात सूर्योदय-सूर्यास्ताच्या आणि भरती-ओहोटीच्या वेळा रोज छापल्या जातात. त्यांच्याच शेजारी सौरडागांचा, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या काळसर डागांचा, आकडाही द्यावा, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

दादरला आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी गेली काही वर्षे सकाळी आठच्या सुमारास, गच्ची तापून प्रतिमा थरथरू लागण्याआधी, लहान दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडून डाग मोजतो. (दुर्बिणीला डोळा लावून सूर्याकडे कधीही पाहू नये, हे आवर्जून सांगितले पाहिजे.) पुठ्ठा किंचित सरकवला की धुळीचा कण त्याच्याबरोबर सरकतो, डाग मात्र प्रतिमेतच राहतो. पंधरा सेंटिमीटरच्या त्या प्रतिमेच्या मापाने पृथ्वी जेमतेम मोहरीएवढी ठरते. मे २०२४ मध्ये तेथे अशा पंधराएक मोहऱ्या ओळीने मावतील एवढा लांब डागांचा समूह होता. त्यातून उसळलेल्या द्रव्यामुळे १० मे रोजी मोठे भूचुंबकीय वादळ, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ, उठले आणि लडाखमधील हानले येथून तांबडा ध्रुवीय प्रकाश दिसला.

मोजण्याची रीत स्विस खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वुल्फ यांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिली: समूहांच्या संख्येला दहाने गुणून त्यात एकूण डाग मिळवायचे. तीन समूहांत मिळून चौदा डाग असतील, तर आकडा ४४.

एका दिवसाच्या आकड्यातून फारसे कळत नाही, खरे मोल सातत्याला आहे. कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे घेतली जात आहेत, म्हणूनच डागांच्या संख्येतले सुमारे अकरा वर्षांचे चढउतार एकामागून एक तेथे पडताळता येतात. मुंबईचाही या विषयाशी जुना संबंध आहे. सप्टेंबर १८५९ चे प्रचंड चुंबकीय वादळ कुलाबा वेधशाळेत नोंदले गेले, आणि पुढे विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्या विजेचा मोजणीत व्यत्यय येणार म्हणून ही चुंबकीय निरीक्षणे १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली.

पावसाळ्याचे चार महिने माझी वही जवळजवळ कोरी राहते, त्यामुळे एका गच्चीवर विसंबून भागणार नाही. मात्र ब्रुसेल्सच्या शाही वेधशाळेतून जगभरच्या निरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेला रोजचा आकडा विनामूल्य प्रसिद्ध होतो. भरतीच्या वेळेखाली त्याची एक ओळ पुरेल. शाळकरी मुलांना आदल्या दिवशी पुठ्ठ्यावर स्वतः मोजलेला आकडा तिच्याशी ताडून पाहता येईल.

आपला नम्र,
एक वाचक, दादर, मुंबई