पाकीट फाडून टाकलेली पत्रं: विधी व न्यायमंत्र्यांना बडोद्याहून खुलं पत्र

मा. विधी व न्यायमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात बडोद्याच्या कमर्शियल कोर्टातल्या एका दाव्यात समोरच्या मोठ्या कंपनीने ई-मेलचे दोन गठ्ठे दाखल केले. सगळे छापील. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका लहान कारखान्याने पुरवलेला माल नाकारला गेला आहे, पैसे अडकले आहेत, आणि भांडण एकाच गोष्टीचं आहे: ड्रॉइंगची बदललेली आवृत्ती कारखान्याला कधी पाठवली? ते ड्रॉइंग ई-मेलला जोडलेलं होतं. गठ्ठ्यात ई-मेल आहे, खाली जोडलेल्या फाइलचं नाव आहे, फाइल नाही. मूळ ई-मेल मागितली, तर उत्तर आलं की नियमाप्रमाणे प्रिंटआउट पुरेसं आहे.

मंत्रिमहोदय, हे उत्तर खरं आहे, म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहावं लागतंय. २०१५ च्या कमर्शियल कोर्ट कायद्याने दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ११, म्हणजे कागदपत्रं उघड करण्याचे नियम, व्यापारी दाव्यांसाठी नव्याने लिहिला. त्यातल्या नियम ६ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी प्रिंटआउट देणं पुरेसं मानलं आहे. प्रत मूळ नोंदीवरूनच काढली आहे असं घोषणापत्र जोडलं, की मूळ नोंद तपासायला देण्याचं बंधनही उरत नाही. मेटाडेटा (नोंद कोणी, कधी बनवली याची आतली माहिती) किंवा लॉग (यंत्राने आपोआप ठेवलेली नोंदवही) मागवण्याचा अधिकार कोर्टाला आहे, तोही याच नियमात. पण तो मागायचा कधी? गठ्ठा हातात पडल्यावर, अर्ज करून, तारीख घेऊन. तोवर मेटाडेटा शिल्लक असेल याची जबाबदारी कोणावरही टाकलेली नाही.

छापलेली ई-मेल म्हणजे पाकीट फाडून टाकलेलं पत्र. पोस्टाचा शिक्का पाकिटावर असतो. ई-मेलचं पाकीट म्हणजे तिचं हेडर: कोणत्या सर्व्हरने ती कधी स्वीकारली, पुढे कोणाला दिली, तिचा ओळख-क्रमांक काय, ती कोणत्या ई-मेलचं उत्तर आहे. छापताना हे सगळं गळतं आणि वेळही फसवी होते. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजता पाठवलेली ई-मेल जागतिक वेळेवर लावलेल्या साधनातून काढली, तर कागदावर ३१ मार्च, रात्रीचे साडेआठ असं छापून येतं. दिवस बदलला, महिना बदलला, आर्थिक वर्षही बदललं. मुदतीचा वाद असेल तर एवढ्यावर दावा बुडू शकतो. कागदावर टाइमझोन लिहिलेला नसतो आणि विचारायला गेलं तर सांगणारा माणूस कंपनी सोडून गेलेला असतो.

छापील कागदाऐवजी पेनड्राइव्ह मिळाला तरी सुटका नाही. कोणीतरी सर्व्हरवरच्या फायली माउसने ओढून पेनड्राइव्हवर टाकतं. विंडोजमध्ये असं केलं की प्रतीची निर्मितीची तारीख कॉपी केल्याच्या क्षणाची होते, बदलाची तारीख मात्र जुनीच राहते. फाइल बनण्याच्या दोन वर्षं आधीच तिच्यात बदल झाला, असं उघड उघड दिसतं. मग समोरचा वकील ती बनावट असल्याचा आरोप करतो आणि पुढच्या चार तारखा एवढ्याच समजुतीत जातात. रोबोकॉपीसारख्या साधनाने वेळा जपून प्रत काढली असती, किंवा लॅपटॉपची डिस्क राइट ब्लॉकर (डिस्कवर काहीही लिहू न देणारं उपकरण) लावून प्रतिमा म्हणून घेतली असती, तर ही वेळ आली नसती. पण कॉपी करणाऱ्याला हे सांगणारी एक ओळसुद्धा नियमात नाही.

आता तुमच्या नव्या कायद्याकडे येतो. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. जुन्या कलम ६५-बच्या जागी कलम ६३ आलं आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जोडायच्या प्रमाणपत्राचे दोन भाग झाले. भाग अ पुरावा देणाऱ्या पक्षाने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश लिहायचा, म्हणजे फाइलमधून गणिताने निघणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा क्रमांक. हॅशची सक्ती चांगलीच आहे, आम्ही तिचं स्वागत केलं. पण हॅश नेमका कशाचा आणि कधी काढायचा? आउटलुकची पीएसटी फाइल, म्हणजे ई-मेलचा साठा, नुसती आउटलुकमध्ये उघडली, एक ई-मेलही वाचली नाही, तरी फाइल बदलते आणि हॅशही बदलतो. म्हणजे हॅश उघडण्याआधी घ्यायला हवा, मूळ फाइल बाजूला ठेवून काम प्रतीवर करायला हवं. बहुतेक ठिकाणी उलट होतं. आधी महिनाभर शोधाशोध, मग वकिलाच्या ऑफिसात घाईने हॅश. तो हॅश वकिलाच्या ऑफिसातली फाइल तेवढी सिद्ध करतो, कंपनीच्या सर्व्हरवरची नाही. शिवाय प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश काढण्याच्या एमडी५ आणि शा-१ या जुन्या पद्धतींचे पर्याय अजून आहेत. एमडी५ २००४ मध्ये फुटली, शा-१ २०१७ मध्ये: एकच हॅश देणाऱ्या दोन वेगळ्या फायली बनवून दाखवल्या गेल्या. २०२३ चा कायदा करताना शा-२५६ च हवा, एवढं लिहायला काय हरकत होती?

आणि तज्ज्ञ म्हणजे कोण? कलमात फक्त 'तज्ज्ञ' म्हटलं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९-अ खाली अधिसूचित झालेलाच हवा, की कंपनीचा पगारी सिस्टिम अ‍ॅडमिन चालेल? ज्याच्या हातात सर्व्हर आहे तोच तज्ज्ञ म्हणून सही करू लागला, तर त्या भाग बचा लहान कारखानदाराला उपयोग काय?

पण प्रमाणपत्र हा रस्त्याचा शेवट आहे. दुखणं सुरुवातीला आहे. जी नोंद उरलीच नाही तिला प्रमाणपत्र कसलं लावणार?

हिशेब मांडून दाखवतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये, वेगळी व्यवस्था केली नसेल तर, कायमची पुसलेली ई-मेल १४ दिवस परत मिळते. खातंच काढून टाकलं तर ३० दिवस. गूगल वर्कस्पेसमध्ये पुसलेलं खातं परत आणायला २० दिवस. माणूस राजीनामा देऊन गेला की लायसन्सचे पैसे वाचवायला आयटी विभाग त्याचं खातं महिन्याभरात काढतो आणि खरेदी अधिकाऱ्याची पाच वर्षांची टपाल नाहीशी होते. यात कोणाचा कट असायची गरजही नाही. लॉगचं म्हणाल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी ते १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे. आता कमर्शियल दाव्याची वाट बघा. तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर कमर्शियल कोर्ट कायद्याच्या कलम १२-अ प्रमाणे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची. तिला तीन महिने, संमतीने आणखी दोन. म्हणजे १५० दिवस दावा दाखल व्हायच्या आतच गेले. मग लेखी जबाबाला १२० दिवसांपर्यंत मुदत. एकूण २७०. लॉग १८० दिवसांचे! तुमच्याच दोन नियमांच्या मधल्या फटीत पुरावा पडून मरतो, आणि हे दोन्ही नियम शेजारी ठेवून कोणी पाहिले नाहीत याचा आम्हाला संताप येतो.

आदेश ११ मध्ये दस्तऐवज उघड करण्याचं कर्तव्य दावा संपेपर्यंत चालू राहतं असं म्हटलं आहे. पण वाद दिसू लागताच पुसणं थांबवा, असं स्पष्ट कुठेही म्हटलेलं नाही. अमेरिकेच्या दिवाणी नियमांत २००६ पासून इलेक्ट्रॉनिक नोंदींची वेगळी व्यवस्था आहे, आणि जपायला हवी ती नोंद जपली नाही तर काय करायचं हे २०१५ च्या दुरुस्तीने नियम ३७ मध्ये नेमकं सांगितलं आहे. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम २४१ आहे: पुरावा होऊ नये म्हणून दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोट्यवधींच्या दाव्यात पाच हजार रुपये. आणि तेही हेतू सिद्ध झाल्यावर.

समजा, सगळं जपलं गेलं. तरी शोधायचं कसं? इथे तर कोर्टात शुकशुकाटच आहे. कंपनीचा माणूस शपथेवर सांगतो की आम्ही शोध घेतला, एवढंच सापडलं. कुठे शोधलं, कोणते शब्द टाकले, काय वाचता आलं नाही, कोणी विचारत नाही. १९८५ मध्ये ब्लेअर आणि मॅरन या संशोधकांनी एका मोठ्या दाव्यातल्या सुमारे ४०,००० दस्तऐवजांवर तपासून पाहिलं. उपयोगाचे ७५ टक्के कागद आपल्याला सापडले अशी वकिलांची खात्री होती. प्रत्यक्षात सापडले होते सुमारे २० टक्के. वकील 'अपघात' शोधत होते आणि लिहिणाऱ्यांनी 'घटना', 'अडचण', 'परिस्थिती' असं लिहिलं होतं.

ते दस्तऐवज फक्त इंग्रजीत होते. बडोद्यातल्या कंपनीत काय असतं ते पाहा. मालकाच्या घरात मराठी, अकाउंट्समध्ये गुजराती, गोदामात हिंदी, ई-मेलमध्ये रोमन लिपीत तिन्हींची सरमिसळ. माल नाकारला हे 'रिजेक्ट' शोधून सापडेलच असं नाही. कोणी 'पाछो मोकल्यो' लिहिलेलं असतं, कोणी 'माल परत', कोणी 'नापास'. 'पाछो' रोमनमध्ये लिहिताना एक जण एकच एच घालतो, दुसरा दोन. त्यात २००५-०६ च्या सुमाराची पत्रं टेराफॉन्ट किंवा श्रीलिपी अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. पडद्यावर स्वच्छ गुजराती किंवा मराठी दिसतं, पण फाइलच्या आत रोमन अक्षरं नि चिन्हं यांचा चिवडा असतो. शोधयंत्र तोच चिवडा इंडेक्स करतं, मग 'करार' शोधून काय मिळणार? आधी फायलींत वापरलेल्या फॉन्टची यादी काढावी लागते, मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो, मग इंडेक्स. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर अक्षरंच नसतात, नुसतं चित्र. त्यावर गुजराती आणि देवनागरी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं साधन) वेगवेगळं चालवून शंभर-दीडशे पानं डोळ्यांनी ताडून पाहावी लागतात. पासवर्ड घातलेल्या झिप फायली इंडेक्समध्ये येतच नाहीत, त्यांची वेगळी यादी निघते आणि ती यादी कोणी उघडून पाहत नाही. हल्ली ई-मेलला फाइल न जोडता नुसती लिंक पाठवतात. ई-मेल काढून घेतली तरी दस्तऐवज मागेच राहतो, आणि नंतर लिंक उघडली तर आजची आवृत्ती दिसते, त्या दिवशीची नाही. बडोदे संस्थानाने १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढला होता. एका गोष्टीला इथे चार नावं असतात हे तेव्हाच्या कारभाऱ्यांना ठाऊक होतं.

शोध पुरेसा झाला का, हे मोजताही येतं, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. समजा, शब्द टाकून २,००० कामाचे दस्तऐवज सापडले आणि १,००,००० बाजूला पडले. त्या लाखातून कसेही ४०० उचला आणि वाचा. त्यात पाच कामाचे निघाले तर लाखात सुमारे १,२५० सुटलेत. म्हणजे एकूण ३,२५० पैकी हाती आले २,०००, शंभरातले साधारण ६२. मग सुटलेले पाच वाचून नवे शब्द काढायचे आणि पुन्हा शोधायचं. दोन माणसांचं दोन दिवसांचं काम. हा हिशेब शपथपत्रात मागणारा नियम करायला कोणता खर्च येतो?

२०२० मध्ये अर्जुन खोतकरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्राची सक्ती पुन्हा पक्की केली. जालन्याच्या त्या निवडणूक वादात चित्रीकरण होतं सरकारी कार्यालयाकडे आणि वारंवार मागूनही प्रमाणपत्र मिळत नव्हतं. पुरावा ज्याच्या हातात, त्याचीच मर्जी. आमचं सगळं भांडण या एका गोष्टीशी आहे. सरकारी कचेरी असो वा कंपनी, नोंद ज्याच्याकडे आहे त्याला या व्यवस्थेत घाई नाही, धाक नाही. मुदती, फी आणि झोप उडणं मागणाऱ्याच्या वाट्याला. विशेष व्यापारी न्यायालयं काढली, ३ लाख आणि त्याहून अधिक रकमेचे दावे त्यात आणले, इमारतींवर पाट्या लागल्या. पण त्या कोर्टात येणारा लहान कारखानदार पुराव्याच्या बाबतीत आजही १८७२ च्या पुरावा कायद्याच्या काळात उभा आहे, हातात छापील कागद घेऊन.

आदेश ११ च्या नियम ६ मधून 'प्रिंटआउट पुरेसं' हे शब्द काढा. ई-मेल आणि फायली मूळ स्वरूपात, हेडर आणि जोडलेल्या फायलींसह, टाइमझोन लिहून द्यायला लावा. मध्यस्थीचा अर्ज समोरच्याला मिळाला त्या दिवसापासून संबंधित माणसांची खाती, लॉग आणि बॅकअप पुसणं थांबवण्याचं बंधन घाला, राजीनामा दिलेल्यांच्या खात्यांसह. भाग बवर सही कोण करू शकतो ते लिहा आणि प्रत्येक जिल्ह्याची यादी लावा. कोणाच्या खात्यात, कोणत्या शब्दांनी, कोणत्या लिप्यांत शोधलं आणि काय वाचता आलं नाही, हे शपथपत्रात मागा.

मकरपुऱ्याच्या त्या दाव्यातल्या ड्रॉइंगची ई-मेल ज्याने पाठवली, त्या अधिकाऱ्याने नोकरी सोडली आहे. त्याचं खातं अजून आहे की पुसलं, हे विचारणारा अर्ज आम्ही दिला आहे. पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली.

आपला,
डिजिटल पुराव्याचं काम करणारा एक बडोदेकर